जाळं फाटलं त भरून कोन देईन? : एका मामा तलावातील माशांच्या आसऱ्याचे प्रकरण

हा तलाव गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. गावाचे नाव इथे देत नाही. मासेमारीच्या ठेक्याची मुदत सरत आली आहे आणि मासेमारी सोसायटीच्या मंडळींची तशी इच्छा होती. पावसाळ्यात पाणी १५-१६ हेक्टरांवर पसरते, एप्रिलअखेर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. एका अंगाला मातीची जुनी पाळ, तिच्यावर आंबे नि मोहाची झाडे, पाळीखाली धानाच्या बांध्या आणि समोरून जंगलातला नाला येऊन मिळतो. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’, तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले बहुतेक बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले, १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले आणि त्यातली मासेमारी ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी सोसायट्या ठेक्याने घेऊ लागल्या. म्हणजे पाणी धानवाल्यांचे, मासा ढिवरांचा आणि काठ गावच्या गुराढोरांचा. पुढे जे काही घडले ते या तिघांच्या वाटणीतूनच घडले, म्हणून ही वाटणी आधी सांगितली.

सोसायटी दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास कतला, रोहू आणि मृगळ यांचे बीज विकत आणून सोडते. हे तिन्ही मासे तलावाच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत; त्यांना नदीच्या पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे सोडलेल्या बोटुकल्यांपैकी, म्हणजे बोटभर पिल्लांपैकी, किती जगतात यावरच सोसायटीचे वर्ष ठरते. गेली काही वर्षे बीज तेवढेच सोडूनही उन्हाळ्यातला माल उतरत चालला होता. पुरुषांची तक्रार एवढीच होती. बायकांची तक्रार वेगळी होती आणि ती कोणी नोंदवून घेतली नव्हती: काठाकाठाने हाती लागणारे झिंगे, मरळ, मांगूर, वाम हे सगळे जवळपास नाहीसे झाले होते. ही मासोळी सोसायटीच्या वहीत कधी चढत नाही. ती संध्याकाळच्या भाजीत जाते, उरली तर गावातच विकली जाते. घर चालते ते तिच्यावर, पण बैठकीत आकडा मांडला जातो तो कतल्याचा.

तलावाचे काय झाले होते

२०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि त्यानंतर या पट्ट्यातल्या कितीतरी तलावांत यंत्रे उतरली. इथेही उतरली. गाळ निघाला, शेतात गेला, धानाला मानवला. पाणी साठवण वाढली. याबद्दल गावात कोणाची तक्रार नाही, माझीही नाही. पण यंत्राने तलाव पेटीसारखा केला. काठ सरळ तोडले गेले, तळ सपाट झाला. पूर्वी काठापासून आत पाच-पन्नास पावले चालत गेले तरी पाणी गुडघ्याएवढेच असायचे. त्या उथळ पट्ट्यात पाणगवत, कुमुदिनी, देवधान असे काहीबाही उगवायचे. तो पट्टाच गेला.

तो पट्टा माशाच्या दृष्टीने काय होता हे समजून घ्यायला हवे. मरळ पावसाळ्यात अशाच गवताळ उथळ पाण्यात गवत बाजूला सारून जागा करते आणि तिथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात, गवताच्या आडोशाने एका जागी राहतात. नर-मादी दोघे राखण करतात आणि पिल्ले निघाल्यावरही कित्येक दिवस त्यांच्याखाली फिरतात. मांगूर काठाच्या चिखलात बीळ करतो. सायप्रिनस या कार्प माशाची अंडी चिकट असतात, ती पाण्यातल्या झाडोऱ्याला चिकटली तरच टिकतात. म्हणून बीज केंद्रावरही त्याच्यासाठी हौदात हायड्रिला हे पाणगवत टाकतात. काठ तोडला की या सगळ्यांची बाळंतिणीची खोलीच गेली. रोहू-कतल्याचा इथे जन्म होत नाही, तरी बोटभर पिल्लाला पाणकावळ्यापासून लपायला जागा लागतेच. सपाट तळाच्या उघड्या पाण्यात ते पिल्लू चहूबाजूंनी दिसते.

उथळ काठ उरला होता तो फक्त नाल्याच्या मुखाशी, आणि तिथे बेशरम नावाचे झुडूप माजले होते. लांबून हिरवेगार दिसते, त्यामुळे नवख्याला वाटते की चला, आसरा आहे. तसे नाही. बेशरमीला गुरे तोंड लावत नाहीत, तिच्या दाटीत खाली ऊन पोचत नाही, पाण्यातले दुसरे काही उगवत नाही, आणि तोडलेला तुकडा ओल्या मातीला टेकला की पुन्हा मूळ धरतो.

पहिला उपाय आणि फाटलेली जाळी

सोसायटीच्या दोन तरुणांनी मोबाइलवर पाहिले होते की परदेशात तळ्यांत झाडांच्या फांद्या बुडवतात आणि मासे तिथे गोळा होतात. गोष्ट खरी आहे. अमेरिकेत नाताळ झाल्यावर टाकून दिलेली झाडे दगड बांधून तळ्यात सोडतात. आपल्याजवळचे म्हणायचे तर बांगलादेशातल्या बिलांमध्ये (पाणथळ तळ्यांमध्ये) ‘काठा’ नावाने फांद्यांचे ढीग रचतात, आसामात त्यालाच ‘जेंग’ म्हणतात, आफ्रिकेत बेनिनच्या खाजणांत ‘अकाजा’ नावाने हीच पद्धत आहे. पोरांनी एप्रिलमध्ये पाणी उतरलेले असताना बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या ट्रॉलीने आणून तलावाच्या खोलगट मध्यात टाकल्या. सगळ्यांत खोल जागा म्हणजे उन्हाळ्यातही पाणी असणारी जागा, हा त्यांचा हिशोब होता.

पुढच्या फेब्रुवारीत ओढजाळे लावले तेव्हा ते त्याच खोलगटात अडकले. दोन ठिकाणी फाटले. सोसायटीत भांडण झाले आणि एका वयस्क ढिवराने विचारलेला प्रश्न आजही तिथे उगाळला जातो: “जाळं फाटलं त भरून कोन देईन जी? मासोळी लपाले जागा केली, पन आमी तिले धराचं कसं?” अर्ध्या फांद्या ओढून काठावर आणल्या, त्या सरपणात गेल्या.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रसंग हाच. आसऱ्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतेक गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी असते. त्यांना मासा एका जागी गोळा झालेला हवाच असतो. इथे उत्पन्न ओढजाळ्यावर आहे, आणि ओढजाळ्याला साफ तळ लागतो. दोन्ही गोष्टी एकाच पाण्यात एकमेकींच्या आड येतात. तेव्हा आसरा कुठे करायचा याचा नकाशा जाळ्याच्या वाटेवरून काढावा लागतो. माशाला काय आवडते हा प्रश्न त्यानंतरचा.

शिवाय फांद्यांच्या ढिगाभोवती मासे दिसले म्हणजे मासे वाढले असे नव्हे. तलावभर विखुरलेले मासेच तिथे येऊन उभे राहिलेले असू शकतात. मग चोरट्याचे काम सोपे होते. दुसऱ्याच महिन्यात रात्री कोणीतरी त्या ढिगावर भिरके (हाताने फेकायचे) जाळे टाकून गेले होते.

जाळ्याची वाट आधी, आसरा मग

मधल्या काळात सोसायटीचे काही जण आणि गावातल्या बचत गटाच्या बायका शेजारच्या गावांतले तलाव पाहून आल्या. याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर समाजातल्या बायकांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम काढण्याचे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. तिथे बायकांनी चिखलात उतरून लावलेली हायड्रिला नि कुमुदिनी पाहिल्यावर आपल्या गावच्या बायकांचा प्रश्न सरळ होता: आपल्या तलावात हे उगवत होते, मग आणायला काय हरकत आहे?

पुन्हा बैठक झाली. या वेळी सगळ्यात म्हाताऱ्या दोघा ढिवरांना तलावाच्या पाळीवर नेऊन विचारले की ओढजाळे कुठून टाकता, कुठे ओढता, काठाला कुठे आणता. त्यांनी काठीने मातीत रेघा मारल्या. त्या रेघांच्या बाहेर तीन तुकडे उरले: नाल्याच्या मुखाकडचा सगळा उथळ भाग, पाळीच्या एका टोकाला सांडव्याजवळचा कोपरा, आणि पूर्वेच्या काठालगतची एक अरुंद पट्टी. आसरा करायचा तो फक्त इथे. तिन्ही मिळून तलावाचा साधारण पाचवा हिस्सा भरतो. पाणवनस्पतींसाठीही तलावाचा पाचवा ते तिसरा हिस्सा हे प्रमाण ठीक मानतात. त्याहून कमी असेल तर पिल्लांना अपुरे पडते, फार वाढले तर पहाटेच्या वेळी पाण्यातला प्राणवायू उतरतो. दिवसा झाडोरा प्राणवायू सोडतो, रात्री तोच ओढून घेतो. श्रावणात सलग आभाळ राहिले आणि तलाव हिरव्या झाडोऱ्याने गच्च भरला असेल, तर सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. हे ढिवरांना कोणी शिकवावे लागत नाही.

जाळ्याच्या हद्दीवर बांबू रोवून त्यांना जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. डोंगा चालवणाऱ्याला त्या लांबून दिसतात.

लाकूड

लाकडाच्या कामात बारकावे बरेच निघाले, आणि ते लिहून ठेवण्याजोगे आहेत. फांद्या ओल्या नि पानांसकट टाकल्या तर पाने सडतात, सडताना पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणून या वेळी फांद्या महिनाभर उन्हात टाकून पाने झाडू दिली. बेशरमीचा एकही तुकडा त्यात जाऊ द्यायचा नाही हे बायकांनी बजावले होते. बाभूळ आणि बोर मुद्दाम घेतली. काटे असले की रात्री येणाऱ्याचे भिरके जाळे अडकते आणि पुन्हा यायची हौस जाते. सोसायटीचे स्वतःचे जाळे तिथे जाणारच नसल्याने काट्यांचा त्रास कोणाला नव्हता.

वाळलेला बांबू तरंगतो. त्यामुळे तो आडवा न टाकता उभा रोवला, हातभर अंतराने, एप्रिलमध्ये तळ उघडा असतानाच. फांद्यांच्या पुरुषभर लांबीच्या मोळ्या तारेने बांधून खाली दगड अडकवले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वजन द्यावे असे एकाने सुचवले होते. त्या गोण्या पुढे झिजून प्लास्टिकचे धागे सुटतात म्हणून ते टाळले. कुणी ट्रॅक्टरचे जुने टायर देऊ केले. तेही नाकारले, आणि बरे झाले. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७०च्या दशकात लाखो टायर समुद्रात सोडून माशांसाठी घर करायचा प्रयत्न झाला. बांधलेले टायर सुटले, प्रवाहाबरोबर फिरून त्यांनी शेजारचे प्रवाळ मोडले, आणि ते बाहेर काढायचे काम पुढे अनेक वर्षे चालले. तलावात प्रवाळ नाही, पण सुटलेला टायर धानाच्या नहरात जाऊन गेट अडवेल एवढे तर नक्की.

मोळ्या खोल डोहात न ठेवता एप्रिलच्या पाण्यात कमरेएवढी खोली राहील तिथे ठेवल्या. उन्हाळ्यात तळाशी गाळ कुजतो तिथे प्राणवायू कमी असतो, आणि अंधाऱ्या तळावर फांदीला शेवाळही नीट धरत नाही. शेवाळाचा हा मुद्दा रोहूच्या दृष्टीने मोठा आहे. बुडालेल्या लाकडावर काही आठवड्यांत बुळबुळीत थर चढतो, त्यात शेवाळ असते, बारीक जीव असतात. मधल्या पाण्यात चरणारा रोहू तो थर खरवडून खातो. बांगलादेशात बांबू रोवलेल्या तळ्यांत केलेल्या प्रयोगांत रोहूची वाढ मोकळ्या तळ्यांपेक्षा चांगली आढळली. कतला वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव खातो आणि मृगळ तळाशी चरतो, त्यांना याचा तेवढा फायदा नाही. म्हणजे बांबू रोवले की सगळ्यांचेच वजन वाढेल असे सांगत फिरू नये.

फुटक्या माठांची गोष्ट मला फार आवडली. कुंभाराकडे भट्टीत तडकलेले माठ पडून होते. ते पूर्वेच्या काठाला चिखलात आडवे दाबले. मांगूर आणि वाम यांना असली पोकळी लागते. पैसा काही लागला नाही.

झाडोरा

झाडोऱ्याचे काम पूर्ण बायकांचे. आधी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढली आणि काठापासून दूर वाळवून जाळली. मग नाल्याच्या मुखालगत, जिथे यंत्राने काठ तोडला होता, तिथे रोजगार हमीच्या मजुरीतून मातीचा उतार पुन्हा घातला. हे काम कागदावर कसे बसवले ते ग्रामसेवकालाच ठाऊक. गाळ काढण्यासाठी नियम आहेत, उथळपणा परत आणण्यासाठी कुठल्या रकान्यात लिहायचे? पण झाले.

पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या एका बोडीतून (लहान तलावातून) हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि कुमुदिनीची रोपे आणून लावली. पहिल्या लावणीतला मोठा भाग म्हशींनी तुडवला. दुसऱ्यांदा लावताना काठाला बांबूचा कूड घातला आणि म्हशींच्या डुंबण्यासाठी सांडव्यापलीकडचा तुकडा मोकळा सोडला. गुराख्यांशी बोलणे झाल्याशिवाय ते टिकले नसते.

तरीही ऑक्टोबरात हायड्रिला विरळ होत चालली. म्हशी नव्हत्या, मग कोण? बिजाच्या पिशव्यांत गवत्या कार्प मिसळून आला होता. हा मासा पाणगवतावरच जगतो आणि कोवळी हायड्रिला त्याला सगळ्यांत आवडते. पाणगवत माजलेल्या तळ्यात तो उपयोगी आहे, पण झाडोरा लावायचा आणि गवत्याही सोडायचा म्हणजे एका हाताने धान पेरून दुसऱ्या हाताने पाखरे सोडण्यासारखे. पुढच्या वर्षीपासून बीज घेताना गवत्या नको असे सोसायटीने पुरवठादाराला लेखी दिले. जे आत होते ते मोठे झाल्यावर जाळ्यात आले आणि चांगल्या भावाने विकले गेले, ही गंमत वेगळी.

पाणी

सगळ्यात अवघड वाटाघाट इथे झाली आणि ती अर्धीच जमली. धान निसवण्याच्या वेळी पाऊस उघडला की गेट उघडते, पाणी झपाट्याने उतरते आणि काठाचा झाडोरा उघडा पडतो. तोवर मरळीची पिल्ले मोठी झालेली असतात, त्यामुळे ऑक्टोबरचे उतरणे एक वेळ चालते. खरा प्रश्न उन्हाळी धानाचा. उन्हाळी धानाला पाणी दिले की एप्रिलमध्ये मोळ्यांचे शेंडे उघडे पडतात. शेतकऱ्यांनी ठरावीक पातळीखाली गेट न उघडण्याचे कबूल केले आणि पाळीच्या दगडावर रंगाची रेघ मारली. पहिल्या वर्षी रेघ पाळली गेली. पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला, गेट उघडले. ज्याच्या बांधीत धान सुकत आहे त्याला माशाच्या पिल्लांचे कारण सांगून थांबवता येत नाही, हे सोसायटीच्या अध्यक्षालाही मान्य आहे. त्याची स्वतःची दीड एकर त्याच तलावाखाली आहे.

काय दिसले

दुसऱ्या पावसाळ्यात नाल्याच्या मुखाशी मरळीच्या लालसर पिल्लांचे थवे दिसू लागले. एक थवा पाण्यावर उकळी फुटल्यासारखा हलतो, आणि त्याच्या खाली मोठी मरळ असते. गावात अलिखित नियम झाला की थव्याखालची मरळ मारायची नाही. ती मारली तर पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. पोरेसोरे तो नियम मोडतात, पण कमी. झिंगे लवकर परतले. मांगूर माठांत सापडले. बायकांच्या टोपल्यांत पुन्हा काही पडू लागले आहे.

सोसायटीच्या वहीत रोहूचे वजन वाढलेले दिसते. याचे श्रेय बांबूला द्यायचा मोह होतो. पण त्याच वर्षी बीज मोठ्या आकाराचे घेतले होते आणि तलाव सांडव्यापर्यंत भरला होता. मोठी बोटुकली सोडली की ती जास्त जगते हे तर कुठलाही मत्स्यव्यवसाय अधिकारी सांगेल. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर एकीच्या नावावर नफा लिहिणे बरोबर नाही. आसऱ्याची उलटी बाजूही आहे: दाट मोळीत लपून मरळ रोहूच्या बोटुकल्यांवर टपते. म्हणून आता बीज सोडताना ते मोळ्यांपाशी न सोडता विरळ हायड्रिलाच्या पट्ट्यात सोडतात, जिथे लहान मासा आत शिरतो आणि मोठ्याला वेग घेता येत नाही.

ओढजाळे त्यानंतर एकदाही अडकले नाही. सोसायटीतल्या जुन्या मंडळींचा विरोध मावळला तो यामुळे. मरळीच्या पिल्लांमुळे नव्हे.

राहिलेले

फांद्यांच्या मोळ्या तीन-चार वर्षांत कुजतात, बांबू त्याहून आधी खचतो. दर उन्हाळ्यात थोड्या थोड्या बदलाव्या लागतील आणि ते काम कोणी करायचे यावर सोसायटी व बचत गट यांच्यात वर्षभर रस्सीखेच चालली होती. तोड निघाली ती अशी: नाल्याच्या मुखाकडच्या भागात शिंगाड्याचे पीक घेण्याचा हक्क बचत गटाला द्यायचा, बदल्यात मोळ्या, कूड आणि बेशरमीवर नजर गटाने ठेवायची. शिंगाड्याची पसरट पाने पिल्लांना सावली देतात, पीक हिवाळ्यात निघते आणि तेव्हा त्या भागात मासेमारी नसतेच. अडचण एकच होती. शिंगाड्यावर भुंगेरे पडतात आणि लोक सर्रास औषध फवारतात. ते थेट पाण्यात, पिल्लांच्या डोक्यावर. फवारणी केली तर हक्क रद्द, असे ठरावात लिहिले आहे. बायका सध्या डोंग्यातून फिरून भुंगेरे नि अळ्या हाताने वेचतात. ठराव सोसायटीचा आहे, तलावाचा ठेका मात्र पुढल्या वर्षी नव्याने निघणार. ठेका दुसऱ्या कोणी घेतला तर तो ठराव त्याला लागू नाही, म्हणून तो ग्रामसभेतून मंजूर करून घेण्याची धावपळ सध्या सुरू आहे.